दोराचं दुसरं टोक

आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर मागच्या ऑगस्टपासून एक कागद लागलेला आहे. परीक्षेच्या वेळापत्रकाने तो निम्मा झाकला गेलाय, तरी खालची ओळ अजून वाचता येते : "...विनापरवानगी सहल, ट्रेकिंग इत्यादींवर सक्त बंदी घालण्यात येत आहे." पब्लिकने तेव्हा बऱ्याच शिव्या घातल्या. कुणामुळे ही नोटीस लागली, याचीही चर्चा झाली. तर मित्रहो, आधी कबुली देऊन टाकतो. ती आमच्यामुळे लागली. सहा जण, तीन बाईक आणि एक हिरवा नायलॉनचा दोर!

हा लेख मी माफी मागायला लिहिलेला नाही. (ती मागून झाली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये, उभ्याउभ्या!) आम्ही सहा जणांनी मिळून कॉलेजमध्ये गिर्यारोहण क्लब सुरू करण्यासाठी अर्ज केलाय. "आधी एवढा प्रताप केला, आता वरून क्लब पाहिजे?" असं सगळेच विचारतात. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे वाचलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

झालं काय होतं?

जुलैचा शेवटचा रविवार. सबमिशन संपलेलं, पाऊस मस्त लागलेला. पहाटे अमरावतीहून निघालो, परतवाड्याला चहा-कचोरी झाली आणि घाट चढून चिखलदऱ्याकडे. पॉइंटवर मरणाची गर्दी. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "रस्त्याखाली नाल्यात उतरू ना बे, धबधबा खालून पाहू."

दोर माझ्या घरचा होता. मी मोझरीचा, रोज अपडाऊन करतो. आमच्याकडे ट्रॉलीवर ताडपत्री बांधायला जो दोर वापरतात, तोच मी बॅगेत टाकला होता. एका बारक्या झाडाला तो बांधला आणि मंग्या (खरं नाव सांगत नाही) त्याला धरून उतरायला लागला. दहा-बारा फूट गेला असेल नसेल, झाड मुळासकट निघालं. पावसाने मुरूम पोचट झाला होता. मंग्या पंधराएक फूट घसरला आणि एका कपारीला अडकला. मनगट मोडलं. डोकं दगडापासून वीतभर अंतरावर राहिलं.

मोबाईलला रेंज नाही. आम्ही वरून नुसते ओरडतोय. शेवटी गुरं घेऊन चाललेले एक कोरकू काका थांबले. काही न बोलता ते बाजूने चालत गेले आणि पाच मिनिटांत मंग्याच्या शेजारी उभे! दोनशे पावलांवर गुरांची पायवाट होती. दोराची गरजच नव्हती. आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर आबांना सगळं सांगितलं. माझे आबा ऐंशीच्या घरातले, गुरुदेव सेवा मंडळाचे जुने सेवक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "थे समदं खरं. पन दोराचं दुसरं टोक कोनाच्या हाती होतं?"

मी म्हटलं, "झाडाला होतं."

"झाडाले काय समजते बापू, वरून कोन लोंबकळून रायलं थे?"

मी गप्प बसलो. तेव्हा जे आबांना सांगितलं नाही ते इथे लिहितो. ठरलं असं होतं की झाडाला एक वेढा द्यायचा आणि टोक मी हातात धरायचं. मी वेढ्याऐवजी गाठ मारली आणि मोकळा झालो, कारण मला व्हिडिओ काढायचा होता. मंग्याला हे नोव्हेंबरमध्ये सांगितलं. दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "लिही. पन चांगलं लिही."

गच्चीवरून सुरुवात

लायब्ररीत आणि नेटवर शोधायला लागलो तेव्हा पहिली गंमत कळली. कॉलेजच्या पोरांनी परवानगीशिवाय चढण्याचा प्रकार आपल्याकडे सुरू झालेला नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजला १९०० च्या सुमारास एक निनावी पुस्तिका निघाली. विषय काय, तर ट्रिनिटी कॉलेजच्या छपरांवर रात्री चढायचं कसं! कुठला पाइप धरायचा, कुठून उडी मारायची, सगळं व्यवस्थित दिलेलं. लिहिणारा होता जेफ्री विन्थ्रॉप यंग. पुढे तो इंग्लंडमधला नामवंत गिर्यारोहक झाला.

त्याच केंब्रिजमध्ये १९०५ साली विद्यापीठाचा गिर्यारोहण क्लब स्थापन झाला. ऑक्सफर्डचा १९०९ मध्ये. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजचा आउटिंग क्लबही १९०९ चाच. (आमच्या मोझरीच्या माणसाला १९०९ म्हटलं की दुसरंच काही आठवतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म त्याच वर्षी ३० एप्रिलला यावलीला झाला. योगायोगच, पण मला आवडला!)

आता प्रश्न असा, की पोरं आधीपासून चढतच होती, मग क्लब कशाला पाहिजे होता? डोंगराला मेंबरशिप कार्ड थोडंच दाखवावं लागतं!

याचं उत्तर क्लब काय काय करायचे त्यात आहे. दोर महाग होते, ते क्लबने घेतले आणि सगळ्यांनी मिळून वापरले. कुठला कडा कुठून चढला, कुठे दगड सैल आहे, कुणाला कुठे लागलं, याची नोंद वहीत झाली आणि पुढे छापली गेली. नव्या पोरांना जुन्या पोरांबरोबर बांधून वर नेलं गेलं. म्हणजे एका वर्षाच्या पोरांनी केलेली चूक पुढच्या वर्षाच्या पोरांना पुन्हा करावी लागू नये, एवढीच सोय. मला वाटतं क्लब आणि मित्रांचा ग्रुप यातला फरक हाच आहे. ग्रुपला फोटो आठवतात. क्लबला चुका आठवाव्या लागतात.

१९३६ : पोरांनी मोठ्यांना बोलावलं

या सगळ्या वाचनात मला सर्वांत भारी वाटलेली गोष्ट आपल्या देशातल्याच शिखराची आहे.

हार्वर्ड विद्यापीठाचा गिर्यारोहण क्लब १९२४ चा. त्या क्लबातल्या चार पोरांनी हिमालयात जायचं ठरवलं. चार्ल्स ह्यूस्टन हा त्यातला मुख्य, वय अवघं बावीस-तेवीस. पण या पोरांनी एक शहाणपणा केला. आपल्याला सगळं येतं असं न मानता त्यांनी ब्रिटनमधल्या अनुभवी लोकांना बोलावलं. चार ते आणि चार हे, असे आठ जण झाले. पाहुण्यांमध्ये नोएल ओडेल होता. हा भूगर्भशास्त्रज्ञ काही वर्षं हार्वर्डला शिकवायला होता आणि तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर डोंगर चढायचा. म्हणजे आपल्या भाषेत 'फॅकल्टी इन्चार्ज'च म्हणा ना!

त्यांनी निवडलं नंदादेवी, ७,८१६ मीटर. चार पोरांपैकी आर्थर एमन्सची पायाची बोटं १९३२ च्या चीनमधल्या मोहिमेत हिमदंशाने गेली होती. वर जाणं शक्य नाही हे माहीत असूनही तो आला आणि त्याने तळाकडचं काम सांभाळलं. मोहिमेला सुरुवातीला नेता नव्हता. वर गेल्यावर गुप्त मतदान करून त्यांनी बिल टिलमनला नेता निवडलं. शेवटच्या चढाईसाठी ह्यूस्टन आणि ओडेल ही जोडी ठरली. आणि ऐनवेळी शेवटच्या तळावर डब्यातलं खराब मांस खाऊन ह्यूस्टन आजारी पडला. ज्याने स्वप्न पाहिलं तोच खाली उतरला! त्याच्या जागी टिलमन गेला आणि २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन-ओडेल माथ्यावर पोचले. १९५० मध्ये अन्नपूर्णा चढेपर्यंत माणसाने गाठलेलं ते सर्वांत उंच शिखर होतं.

कॉलेजच्या क्लबातून निघालेली कल्पना होती ही. माथ्यावर उभ्या राहिलेल्या दोघांत त्या चार पोरांपैकी एकही नव्हता. पण दोराचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं, म्हणूनच ते दोघं वर गेले.

आणि त्याच ऑगस्ट १९३६ मध्ये आपल्या अमरावतीची पोरं कुठे होती माहीत आहे? बर्लिनला! १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. 'वऱ्हाडच्या पोट्ट्याच्यानं हे काही होत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे साल जरा लिहून ठेवावं.

एव्हरेस्ट आणि कांचनजंगा

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिलरी आणि तेनसिंग यांचीच नावं आपल्याला शाळेत सांगतात. पण त्या चमूत जॉर्ज बँड आणि मायकेल वेस्टमकॉट हे दोघे होते. बँड केंब्रिजच्या क्लबाचा माजी अध्यक्ष, वेस्टमकॉट ऑक्सफर्डच्या. खुंबूच्या हिमप्रपातातला रस्ता सामान वाहणाऱ्यांसाठी चालू ठेवणं हे किचकट आणि धोक्याचं काम वेस्टमकॉटकडे होतं. कुणी नाव घेत नाही अशातलं काम!

बँड तर दोनच वर्षांनी, २५ मे १९५५ रोजी कांचनजंगावर पोचला. जोडीला होता जो ब्राउन, मँचेस्टरचा प्लंबर. एक केंब्रिजचा पदवीधर आणि एक नळ दुरुस्त करणारा, दोघे एकाच दोरावर! सिक्कीमच्या लोकांसाठी हे शिखर पवित्र आहे म्हणून ते माथ्याच्या काही फूट अलीकडेच थांबले. पुढच्यांनीही ती प्रथा पाळली. दासटेकडीवर चपला खाली काढून जाणाऱ्या आम्हा मोझरीकरांना हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

महाराष्ट्रात काय झालं?

आपल्याकडे हिमालयन क्लब १९२८ मध्ये निघाला, पण तो बराचसा साहेबांचा. खरी सुरुवात पन्नाशीच्या दशकात झाली. तेनसिंगच्या यशानंतर ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला गिर्यारोहणाची पहिली सरकारी संस्था सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईत 'गिरिविहार'ची स्थापना झाली. १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था आली. मुंबई-पुण्याची पोरं सह्याद्रीत शिकायची, सुट्टीत उत्तरकाशीला किंवा दार्जिलिंगला साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करायची आणि परत येऊन दुसऱ्यांना शिकवायची. हे चक्र तिथे पन्नास-साठ वर्षं फिरतंय. १९८८ मध्ये गिरिविहारची मोहीम कांचनजंगापर्यंत गेली. मे १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट गाठलं, महाराष्ट्रातून पहिल्यांदाच. १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'गिरिप्रेमी'ने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली मे २०१२ मध्ये आठ जणांना एव्हरेस्टवर नेलं आणि मे २०१९ मध्ये दहा जणांना कांचनजंगावर. ही काही एका वर्षात उगवलेली झाडं नाहीत. तीस वर्षं पाणी घातलं तेव्हा फळ आलं.

इंजिनिअरिंग कॉलेजचा क्लब टिकू शकतो का, असं विचारलं तर पुण्याच्या सीओईपीकडे बघा. त्यांचा बोट क्लब शतकाच्या घरात आहे. नदीवरचा 'रेगाटा' पोरंच भरवतात. अभ्यास तोच, सबमिशनही तेच. मग त्यांना जमतं ते आपल्याला का नाही?

आपल्या वऱ्हाडात

"आपल्याकडे डोंगर कुठे आहेत?" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं. अहो, पूर्णेच्या सपाटीवरून उत्तरेकडे बघा. सातपुड्याची भिंत उभी आहे! गाविलगड, नरनाळा, चिखलदरा (उंची १,११८ मीटर). सह्याद्रीत जो काळा बेसाल्ट आहे तोच इथेही. लाव्हाचे थरावर थर, मध्ये मऊ झालेले पट्टे आणि वर पावसाने सुटलेला मुरूम. मंग्याचं झाड अशाच मुरुमात होतं.

आपल्या भागातली चढाईची एक जुनी नोंद युद्धातली आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. बाहेरच्या किल्ल्याची भिंत तोफांनी फोडली, पण मध्ये खोल दरी आणि पलीकडे आतली तटबंदी. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी दरीच्या बाजूने शिड्या लावून वर चढली आणि आतून दरवाजा उघडला. एका बाजूला कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून अख्खा गड गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेलं.

दुसरं नाव तुम्हाला माहीत आहे, पण ते आपल्या जिल्ह्याचे हे कदाचित माहीत नसेल. गोपाल नीलकंठ दांडेकर! मराठी माणसाला किल्ल्यांचं वेड लावणाऱ्या गोनीदांचा जन्म १९१६ मध्ये परतवाड्याचा. लहान वयात घर सोडलं, काही काळ गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदा परिक्रमा केली आणि मग आयुष्यभर गड फिरले. आपल्या विद्यापीठाला २००५ मध्ये ज्या गाडगेबाबांचं नाव मिळालं, त्यांच्यामागे चालत गेलेला हा आपलाच माणूस. ते सह्याद्रीत जाऊन मोठे झाले आणि आपण मात्र परतवाड्याला कचोरी खायला थांबतो!

तिसरं उदाहरण अगदी अलीकडचं. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. आदिवासी विकास विभागाचा तो 'मिशन शौर्य' उपक्रम. घरची परिस्थिती साधी, जवळपास बर्फ नाही, घरात कुणी गिर्यारोहक नाही. पण निवड झाली, महिनोन्‌महिने शिस्तीत प्रशिक्षण झालं आणि शिकवणारं कुणीतरी सोबत होतं. विदर्भाचा उकाडा आड आला नाही.

दोराचं गणित

आता थोडं आपल्या अभ्यासाचं. (व्हायवात विचारणार नाहीत, पण जीव वाचेल!)

माणूस पडला की त्याची ऊर्जा दोराला शोषावी लागते. ऊर्जा म्हणजे एमजीएच, हे बारावीला झालंय. जितका जास्त पडला तितकी ऊर्जा जास्त. पण दोर जितका लांब तितका तो जास्त ताणला जातो, म्हणजे शोषायला जागाही जास्त. त्यामुळे झटका किती बसेल हे नुसत्या उंचीवर ठरत नाही. पडलेलं अंतर भागिले मधल्या दोराची लांबी, या गुणोत्तरावर ठरतं. याला 'फॉल फॅक्टर' म्हणतात. दोन मीटर दोर सोडलाय आणि तुम्ही बिलेवाल्याच्या दोन मीटर वरून पडलात, तर पडणार चार मीटर. म्हणजे फॅक्टर दोन. हे सर्वांत वाईट. उलट वीस मीटर दोर बाहेर असताना तेच चार मीटर पडलात तर फॅक्टर फक्त ०.२. चार मीटर तेच, पण झटक्यात जमीन-अस्मानाचा फरक!

जुन्या काळी मनिला तागाचे दोर होते. ते ताणायचे कमी आणि तुटायचे जास्त. म्हणून पुढे चढणाऱ्याने पडायचंच नाही, असाच नियम होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉन आलं. १९५३ मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीने आत धाग्यांचा गाभा आणि बाहेर विणलेलं कवच अशा रचनेचा दोर काढला. आजचे चढाईचे दोर याच जातीचे आहेत. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणीत सिंगल दोरावर ८० किलोचं वजन जवळपास १.८ फॅक्टरने पुन्हा पुन्हा पाडतात. पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये आणि दोराने किमान पाच वेळा तग धरला पाहिजे. १२ किलोन्यूटन म्हणजे त्या ८० किलोच्या माणसाच्या वजनाच्या पंधरापट! हा 'ताणणारा' दोर झाला. गुहेत किंवा बचावकार्यात उतरायला वापरतात तो कमी ताणणारा दोर वेगळा. त्यावर पडायचं नसतं, फक्त लोंबकळायचं असतं.

आणि आमचा हिरवा दोर? तो ताडपत्रीसाठी होता. कुठली चाचणी नाही, किती उन्हाळे ट्रॉलीवर तापला याचा हिशोब नाही. त्यात मी मारलेली गाठ. कुठल्याही गाठीने दोराची ताकद कमी होते. आठाच्या चांगल्या गाठीतही साधारण पाव भाग जातो. माझ्या गाठीला तर नावही नव्हतं.

पण खरं सांगू? दोर तुटला नाही. गाठही सुटली नाही. निघालं ते झाड. म्हणजे सगळा हिशोब बरोबर असता, भारी दोर असता, तरी मंग्या पडलाच असता. दोर कशाला बांधायचा, एक आधार गेला तर दुसरा कुठला आणि टोक कुणी धरायचं, हे दुकानात मिळत नाही. ते शिकवावं लागतं.

८ जून

वाचताना एक तारीख दोनदा समोर आली.

८ जून १९२४. ऑक्सफर्डचा बावीस वर्षांचा विद्यार्थी अँड्र्यू आयर्विन एव्हरेस्टच्या माथ्याकडे जाताना जॉर्ज मॅलरीबरोबर ढगात दिसेनासा झाला. त्यांना शेवटचं पाहणारा माणूस म्हणजे तोच ओडेल. आयर्विन यंत्रं दुरुस्त करण्यात वस्ताद. मोहिमेतले बिघडलेले ऑक्सिजनचे संच त्यानेच तंबूत बसून नीट केले होते. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला. शंभर वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, हिमनदीवर एक बूट सापडला. आतल्या मोज्यावर आयर्विनचं नाव शिवलेलं होतं.

८ जून २०१४. हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची सहल हिमाचलला गेली होती. पोरं बियास नदीच्या पात्रात दगडांवर उभी राहून फोटो काढत होती. वरच्या लारजी धरणाचं पाणी सोडलं गेलं आणि चोवीस विद्यार्थी वाहून गेले. आपल्यासारखीच होती ती. आपल्याच वयाची.

आयर्विनला धोका माहीत होता आणि तो समजून गेला होता. बियासच्या पोरांना धोका माहीतच नव्हता. मला वाटतं, साहस आणि अपघात यांच्यामधली रेषा तिथे आहे. आणि आम्ही त्या रविवारी रेषेच्या कुठल्या बाजूला होतो, हे सांगायची गरज नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी निर्णय काढले. २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. प्रशिक्षित माणूस, नोंदणी, साहित्य, प्रथमोपचार, सगळ्याची तरतूद त्यात आहे. मेळघाट हा देशातल्या अगदी पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असल्यामुळे तिथे वनविभागाचे नियम वेगळे. गाभा क्षेत्रात मनात आलं म्हणून शिरता येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मग बंदी घालणं चूक आहे का? कॉलेजच्या जागी मी असतो तर कदाचित तीच नोटीस लावली असती. पण मित्रहो, नोटीस लागल्यावर पोरं जायची थांबली का? उलट आता घरी आणि कॉलेजमध्ये न सांगता जातात. पूर्वी निदान कुणाला तरी माहीत असायचं. बंदीने चढणं थांबत नाही, सांगणं थांबतं. आणि क्लबचं पहिलं काम तर तेच आहे, 'आम्ही इथे चाललोय, एवढ्या वाजता परत येऊ' हे कागदावर लिहून कुणाच्या तरी हातात देणं.

चार वर्षांचा रोग

प्राचार्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "तुम्ही फायनलला गेलात की कोण चालवणार?"

प्रश्न एकदम करेक्ट होता. कॉलेजमधला क्लब चार वर्षांत मरतो, कारण ज्याला येतं तो पास होऊन पुण्याला निघून जातो! दोर कपाटात सडतो आणि नव्या पोरांच्या हातात पुन्हा ताडपत्रीचा दोर येतो.

उत्तर सापडेना, म्हणून पुन्हा आबांना विचारलं. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले तेव्हा आबा विशी-बाविशीचे होते. मी म्हटलं, "आबा, महाराज गेल्यावर आश्रम बंद काहून नाही पडला?"

आबा हसले. "मानूस जाते बापू, वेळ रायते. सकायचं ध्यान सकाईच, संध्याकायची प्रार्थना संध्याकाईच. कोन येते, कोन नाई येत, थे पाहाचं नाई. ज्याले जे काम देल्लं थे त्यानं कराचं. झाडू मारनारा आजारी पडला तर दुसऱ्याले झाडू कुठी आहे थे मालूम पाह्यजे."

१९३५ मध्ये उभा राहिलेला गुरुकुंज आश्रम मी लहानपणापासून पाहतोय. पुण्यतिथीला लाखो लोक येतात आणि मौन श्रद्धांजलीच्या वेळी सगळी गर्दी एकदम स्तब्ध होते. कुणी शिटी मारत नाही, कुणी ओरडत नाही. वर्षानुवर्षं एकच गोष्ट एकाच वेळी केल्याने लोकांच्या अंगात ती मुरलेली आहे. केंब्रिजच्या वहीत आणि आबांच्या झाडूत मला फार फरक वाटत नाही.

म्हणून आम्ही अर्जाला एक पान जोडलं. त्यात हे नियम आहेत :

१. दर शनिवारी पहाटे ठरलेल्या वेळी सराव. दोघेच आले तरी सराव होणार.
२. प्रत्येक पदाला दोन माणसं, एक सीनियर आणि एक ज्युनियर. फायनलच्या विद्यार्थ्याकडे कुठलीही किल्ली एकट्याकडे राहणार नाही.
३. दोर कधी घेतला, किती वेळा वापरला, त्याला कधी झटका बसला, याची नोंद. जुना झाला की सर्वांसमोर कापायचा, म्हणजे पुन्हा कुणी वापरणार नाही.
४. जाण्याआधी यादी आणि परतीची वेळ कॉलेजकडे. स्थानिक माणसाला वाट विचारल्याशिवाय कुठेही उतरायचं नाही.
५. दरवर्षी निदान दोघांनी बेसिक कोर्स करून यायचं आणि आल्यावर शिकवायचं.
६. चूक झाली की ती वहीत लिहायची, करणाऱ्याने स्वतःच्या हाताने.

आता पुढे

पंधरा दिवसांपूर्वी उत्तर आलं. पूर्ण परवानगी नाही, पूर्ण नकारही नाही. तीन महिने फक्त ग्राउंडवर सराव करायचा. गाठी, बिले, प्रथमोपचार, नकाशा वाचणं. सिव्हिलचे एक सर इन्चार्ज व्हायला तयार झालेत. तीन महिन्यांनी वही पाहून पुढचं ठरेल. नोटीस तोपर्यंत तिथेच राहणार.

पहिल्या शनिवारी आम्ही सातच जण होतो. ग्राउंडवरच्या मोठ्या कडुनिंबाला दोर टाकला. (हो, आधी झाड हलवून पाहिलं!) मनगट बरं झालेला मंग्या पाच फूट वर गेला आणि मुद्दाम सुटला. दुसरं टोक माझ्या कमरेला होतं. मोबाईल बॅगेत. झटका बसला तेव्हा मी एक पाऊल पुढे ओढला गेलो, पण दोर धरून होतो. मंग्या हवेत लोंबकळत म्हणाला, "आता ठीक आहे बे."

वहीचं पहिलं पान त्यानेच लिहिलंय. त्यावर जुलैतला तो रविवार आहे, झाडासकट, दोरासकट आणि माझ्या व्हिडिओसकट.

मुलींसाठी क्लब खुला आहे का, असं तिघी-चौघींनी विचारलं. खुला आहे हे सांगायला लागतंय, यातच आमची चूक आहे. या! फर्स्ट इयरची पोरं-पोरी आली तर सगळ्यात उत्तम, कारण तुमच्याकडे अजून चार वर्षं आहेत.

शनिवार, पहाटे साडेपाच, ग्राउंडवरचा कडुनिंब. बूट घालून या. आणि घरी सांगून या.